जाऊबाईंचे पांढरे केस

माझ्या मोठ्या जाऊबाई पार्लर चालवायच्या. लहानशी खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा. बाई कुठलंही दुःख घेऊन आली तरी इलाज एकच, "आधी केस रंगवून घे, मग बोलू." कॅन्सरपायी त्यांची एक किडनी काढून काही वर्षं झाली होती. पुढच्या तपासण्या त्यांनी परस्पर बंद करून टाकल्या होत्या.

मग टाळूवर वाटाण्याएवढी लाल गाठ आली. कंगवा लागला की भळाभळा रक्त. जाऊबाईंना काळजी एवढीच, की गिऱ्हाइकांना दिसेल. म्हणून दिरांना न सांगता, मला घेऊन त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"आधीचा काही आजार?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, काही नाही."

"ताई, किडनी!" मी म्हटलं.

"अगं, यांना डोकं दाखवायचंय."

गाठ काढून तपासायला पाठवली. निघाला तो किडनीचाच कॅन्सर, त्वचेत पसरलेला. स्कॅनमध्ये फुप्फुसांतही ठिपके दिसले. जाऊबाई म्हणाल्या, "टाकून दिलेली वस्तू अशी डोक्यावर बसलेली पहिल्यांदाच बघतेय."

घरी दिरांना सांगावंच लागलं. ते हमसून हमसून रडले आणि जाऊबाईच त्यांची समजूत काढत बसल्या.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तळवे सोलून निघाले, तोंड आलं, आणि गोळ्यांमुळेच हळूहळू केस पांढरेशुभ्र झाले. कातडी इतकी नाजूक झाली होती, की रंग लावायची सोय उरली नाही. पण गिऱ्हाइकं खूश!

"हा कुठला शेड हो? मलाही करा ना."

"तुला परवडायचा नाही," जाऊबाई म्हणायच्या. एकीने फारच हट्ट धरला, तेव्हा तिचे चांगले काळेभोर केस त्यांनी चंदेरी करून दिले. ती गेल्यावर शटर ओढलं, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला नाही गं मरायचं." मी त्यांचे केस विंचरत राहिले.

वर्षभर गोळ्यांनी निभावलं. मग पाठीवर नव्या गाठी आल्या, आणि आता उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. त्याबरोबर केस मुळापासून पुन्हा काळे यायला लागले. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, "बघा, बऱ्या होताय तुम्ही!" जाऊबाई मान डोलवायच्या. दिरांनी तर हरखून डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय सांगितलं कोण जाणे, फोन ठेवून ते जाऊबाईंसाठी चहा टाकायला गेले.

थंडी पडायच्या आत त्या गेल्या.