पंचांचं स्टेशन

सदर इसमाचे वय पन्नाशीच्या पुढे, उंची मध्यम, बांधा काटक, केस विरळ, पण आपापल्या जागी. डावा गुडघा उजव्यापेक्षा जुना असावा असा संशय. शिक्षण: दृष्टितपासणीचा अभ्यासक्रम, उत्तीर्ण. व्यवसाय: चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे, काचा बसवणे, सैल झालेल्या काड्या आवळून देणे व त्याबद्दल पैसे न घेणे. दर शनिवारी दुपारनंतर फुटबॉल सामन्यात पंच म्हणून मानद सेवा. कोणत्याही ठाण्यात गुन्हा दाखल नाही. मात्र दर शनिवारी सदर इसमाची दृष्टी, निष्ठा व पूर्वज यांबाबत मोठ्या जनसमुदायाकडून तोंडी तक्रारी होतात, आणि त्या नोंदवून घेण्याची सोय अद्याप कुठल्याही कार्यालयात झालेली नाही. मैदानामागच्या नव्या रेल्वे स्थानकाचा मूळ प्रस्ताव याच इसमाचा.

घरात बायको त्यांना ‘अहो’ म्हणते, दुकानात गिऱ्हाइकं ‘चष्मेवाले’ म्हणतात आणि उरलेलं सगळं गाव ‘पंच’ म्हणतं. शनिवारी त्याच्यापुढे आणखी काही शब्द लागतात.

चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने पंच व्हावं, हे प्रेक्षकांना आयतंच मिळालेलं घबाड होतं. दुसऱ्या पंचांना आंधळा म्हणावं लागतं. यांना नुसतं “दुकानातून एखादा आणायचा होतास की” एवढं पुरे. पंचांचं म्हणणं असं की, ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांचे चष्मे त्यांनी स्वतः केलेले आहेत आणि ते लोक सामन्याला येताना चष्मा घरी ठेवून येतात.

तरीही ते पंचगिरी का करत, हे दुकानात थोडा वेळ बसलं की कळे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, “आता बरं दिसतंय की मघाशी?” गिऱ्हाईक म्हणणार, दोन्ही सारखंच. पुन्हा काच, पुन्हा प्रश्न. आठवडाभर दुसऱ्यांना काय दिसतं ते निमूट ऐकून घेणाऱ्या माणसाला एक दुपार तरी आपल्याला काय दिसलं ते सांगावंसं वाटणारच. तेही शिट्टी वाजवून, आणि समोरच्याने “दोन्ही सारखंच” म्हणायची सोय नसताना.

मैदान गावाच्या टोकाला. उत्तरेकडच्या गोलामागे तारेचं कुंपण, कुंपणामागे रूळ. गाड्या तिथून धडधडत जात, थांबत नसत. स्टेशन लांब, आणि तिकडे जायला एकच रस्ता, गोदामांच्या भिंतीला चिकटून गेलेला. पंचांचं घर स्टेशनच्या पलीकडच्या गल्लीत, म्हणजे सामना सुटला की प्रेक्षक आणि पंच एकाच वाटेचे प्रवासी. मागून येणाऱ्या शिव्या एक वेळ परवडतात. पुढे चालणारे मुद्दाम मागे वळून देतात, त्या थेट तोंडावर येतात.

थांबून, गर्दी ओसरल्यावर निघावं, तर मैदानाचा राखणदार यजमान संघाचा भक्त. शेवटची शिट्टी झाली की तो पंचांच्या खोलीचा दिवा घालवून कुलूप हातात घेऊन उभा राही. शिवाय गर्दी ओसरत नसेच. भिंतीलगतच्या चहाच्या टपऱ्यांवर तोच सामना पुन्हा खेळला जाई आणि तो मूळ सामन्यापेक्षा लांबे. रिक्षा करून पाहिली. ती गर्दीत अडकली, आणि अडकलेल्या रिक्षातला पंच लोकांना पायी चालणाऱ्या पंचापेक्षा निवांतपणे न्याहाळता येतो.

बायको दवाखान्यात परिचारिका, मलमपट्टीच्या खोलीत. तिला शर्टावरून निदान करता येई. चहाचे शिंतोडे असले तर किरकोळ फाउल, फळांची सालं म्हणजे ऑफसाइड, चिखल म्हणजे पेनल्टी. ती काही न विचारता शर्ट भिजत घाली.

मग तो इंजिनाचा सामना झाला. खेळ रंगात आलेला, आणि कुंपणामागून जाणाऱ्या गाडीने शिट्टी मारली. यजमान संघाच्या बचावपटूंना वाटलं, पंचांनी खेळ थांबवला. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाहुण्या संघाच्या एका पोराला मात्र दोन शिट्ट्यांतला फरक कळत होता; त्याने चेंडू सावकाश जाळ्यात नेऊन ठेवला. पंचांनी गोल दिला. इंजिनाची शिट्टी नियमांत बसत नाही, असं त्यांनी कर्णधाराला समजावून सांगितलं. आपण सांगितलं की समोरच्याला पटतं, असा त्यांचा स्वभावतःच समज आहे.

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा कानामागे खोक होती आणि हातात एक बूट. चामड्याचा, उजव्या पायाचा, जवळजवळ नवा. कुणीतरी फेकून मारला होता. ज्याचा त्याला परत करावा म्हणून पंचांनी तो उचलून आणला होता. पुढे बरेच दिवस तो दुकानाच्या काचेत, उन्हाच्या चष्म्यांशेजारी, मालकाची वाट बघत होता.

बायकोने खोक धुतली, पट्टी लावली आणि हात पुढे केला.

“शिट्टी द्या इकडे.”

पंचांनी दिली.

“त्या रस्त्यानं चालत यायची वेळ येणार नाही, त्या दिवशी परत मिळेल,” ती म्हणाली, आणि शिट्टी औषधांच्या कपाटात, मुलांच्या हाताला लागू नयेत अशा बाटल्यांच्या कप्प्यात ठेवून तिने किल्ली कमरेला लावली.

पंचांचा पुढचा शनिवार दुकानात गेला. त्या दिवशी त्यांनी एका बाईंना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा चष्मा दिला आणि त्यांच्या नवऱ्याला, त्याचे डोळे न तपासताच, नंबर वाढल्याचं सांगितलं. तो नुसता बायकोला सोबत म्हणून आला होता. दुकानाच्या मालकाने काळजीने विचारलं, बरं नाही का? पंच म्हणाले, बरं आहे. खोटं ते सहसा बोलत नसत, त्यामुळे जमलं नाही.

त्याच आठवड्यात मेहुणा आला, चष्म्याची काडी आवळायला. मेहुणा रेल्वेच्या कार्यालयात कारकून. घरी तो ‘भावोजी’ म्हणून पाया पडतो. मैदानावर त्याचा आवाज दक्षिणेच्या कठड्यावरून इतरांच्या वर ऐकू येतो. मैदानावर नाती धरायची नसतात, असं त्याने बहिणीला एकदा पटवूनही दिलं होतं. पंचांनी काडी आवळता आवळता विचारलं, उत्तरेच्या गोलामागे गाडी थांबायला लागली तर? मेहुण्याने विचारलं, कारण काय दाखवायचं? पंच म्हणाले, कारण मी.

“भावोजी, रेल्वे एका माणसासाठी थांबत नाही,” मेहुणा म्हणाला. “जनतेसाठी थांबते. जनता आणा.”

पंचांनी जनता आणली. दुकानात ती रोजच येत होती. तपासणीआधी डोळ्यांत औषध घातलेल्या माणसाला बाकावर बसून राहण्याखेरीज काही करता येत नाही, वाचता तर मुळीच येत नाही. पंच त्याच्या हातात पेन देत आणि बोट योग्य जागी टेकवून देत. काय लिहिलंय ते मोठ्याने वाचूनही दाखवत: विद्यार्थी, रुग्ण, वृद्ध, फुटबॉलप्रेमी यांची गैरसोय वगैरे. फुटबॉलप्रेमी शब्दाशी त्यांचा आवाज किंचित घसरे. सह्या भराभर झाल्या. ज्यांना पंच नको होते, त्यांनाही स्टेशन हवं होतंच.

रेल्वेने एक इंजिनिअर पाठवला. मैदानाच्या क्लबात सभा भरली. चषकांचं कपाट, त्यातले चषक जुने. घडीच्या खुर्च्या, त्यातल्या काही उघडत नव्हत्या. पंच बोलायला उभे राहिले तेव्हा सवयीने कुणीतरी मागून ओरडलं, पण बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. पंच बोलले, बरे बोलले. खाली बसले तेव्हा टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत या मंडळींच्या हातून त्यांच्या दिशेने आलेली ही पहिली गोष्ट, जी अंगावर आली नाही. त्यांचे डोळे भरून आले. हे लपवायला त्यांनी वाचायचा चष्मा काढून पुसला, आणि त्यांच्या हातातला चष्मा पाहून सभेला हसू फुटलं.

इंजिनिअरने विचारलं, सामन्याच्या दिवशी या स्टेशनावरून खरोखर कोण कोण जाईल? सगळ्यांनी हात वर केले. मेहुण्याने दोन्ही.

बायको थेट दवाखान्यातून आली होती आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होती. तिने वर गेलेले हात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिले आणि हळूच विचारलं.

“अहो, गाडी येईपर्यंत ही सगळी माणसं कुठं उभी राहणार?”

“फलाटावर.”

“आणि तुम्ही?”

 उघड्या मैदानावर चारी दिशांना पळता येतं. रस्त्यावर निदान दोन दिशांना. फलाटाच्या एका बाजूला रूळ असतात. इतके दिवस, इतक्या सह्या गोळा करताना, प्रत्येक सही करणारा आपल्याबरोबर त्याच फलाटावर उभा राहणार आहे हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

इंजिनिअर कागद आवरत होता. प्रस्ताव मांडणाऱ्यांना शेवटी काही म्हणायचं आहे का, आणि प्रस्ताव कायम आहे ना, असं त्याने विचारलं. खोली पंचांकडे बघू लागली. मागे घ्यायला ही वेळ बरी होती; एक वाक्य पुरलं असतं. पण दिलेला निर्णय पंचाने फिरवला की पुढचा कुणी मानत नाही, हे त्यांनी आयुष्यभर कर्णधारांना ऐकवलेलं. ते उठले.

“कायम,” ते म्हणाले आणि बसले.

घरी जाताना बायकोने न्याय केला. अट रस्त्याची होती, फलाटाची नव्हती. स्टेशन झालं की शिट्टी मिळेल. पण पहिल्या सामन्याहून ते कसे परत येतात ते पाहून पुढचं ठरेल. या वेळी पट्टी बांधायची पाळी आली, तर शिट्टी कपाटातूनही जाईल, थेट भंगारात.

स्टेशन झालं. एक आखूड फलाट, एक पत्र्याचं छप्पर, तिकिटाची एक खिडकी आणि एक बाक, ज्याच्यावर उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांचे हार ठेवले होते. भाषणांत कुणी पंचांचा उल्लेख केला नाही. मेहुण्याने मागून केला, पण तो भाषणात धरता येण्यासारखा नव्हता.

पहिला सामना आला. बायकोने कपाट उघडून शिट्टी काढली, स्पिरिटने पुसली आणि दिली. सामना बरोबरीत सुटेल असं दिसत होतं आणि पंच मनोमन त्या बरोबरीला हात जोडत होते. अगदी शेवटी यजमानांच्या एका गड्याने, गोलाच्या तोंडाशी, चेंडू हाताने अडवला. फार थोड्यांनी पाहिलं. पंचांना मात्र स्वच्छ दिसलं. शिट्टी तोंडाशी नेताना ते क्षणभर अडखळले, असं मेहुणा सांगतो. पण तो लांब होता आणि त्याने चष्मा लावला नव्हता. पेनल्टी दिली गेली. यजमान हरले.

राखणदाराने दिवा घालवला. पंच कुंपणालगतच्या पायवाटेने फलाटावर आले. सगळे तिथेच होते. फलाट आखूड, माणसं दाटीने उभी. त्यांना पाहून बोलणं थांबलं, आणि त्यांच्यासाठी मधोमध थोडी जागा झाली. ही जागा आदराची नव्हती. मेहुणा वेळापत्रकाचा फलक डोळे बारीक करून वाचू लागला, जो त्यानेच कार्यालयात तयार केला होता.

“या साहेब,” कुणीतरी अगदी मऊ आवाजात म्हणालं. “स्टेशन तुमचंच आहे.”

आणि गाडी आली. तिच्यामागून येणारी बऱ्याच उशिरा होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंचांना चार गोष्टी सुनावायच्या की घरी जेवायला वेळेवर पोचायचं, असा प्रश्न एवढ्या स्पष्टपणे त्या लोकांपुढे कधी आला नव्हता. सगळे दाराकडे धावले. एकजण पायरीवर लोंबकळत पंचांच्या आजोबांविषयी काही सांगू लागला, पण गाडी हलली आणि वाक्याचा उत्तरार्ध पुढच्या स्टेशनला गेला. मेहुणाही गेला. फलाटावर पंच आणि तिकीटबाबू उरले. तिकीटबाबूने खिडकी लावून घेतली.

पंच थोडा वेळ बाकावर बसले, मग उठून फलाटावरून खाली उतरले. गोदामांचा रस्ता मोकळा पडला होता. एका टपरीवरचा चहावाला उकळून उकळून काळा झालेला चहा ढवळत बसला होता. त्याने पंचांना हाक मारली, कप भरला आणि विचारलं, हे स्टेशन काढायची बुद्धी कुणाला झाली म्हणे? पंच म्हणाले, रेल्वेला. मग त्यांनी आणखी एक कप घेतला.

बायकोने दार उघडलं. शर्ट पाहिला, दोन्ही कान पाहिले, मग बूट. बुटांवर धूळ होती.

“गाडीला गर्दी होती?”

“फार.”

“जागा मिळाली?”

“नाही.”

पुढचा प्रश्न यायच्या आत पंचांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. अट मोडली होती; आपल्याविरुद्धचा निर्णय त्यांनीच दिला. बायकोने आधी चौकशी केली.

“रस्त्यात कोण होतं?”

“चहावाला. एकटाच.”

“काय म्हणाला?”

“चहा दिला त्यानं.”

तिने शिट्टी उचलली, दोरीची गाठ नीट केली आणि ती त्यांच्या शनिवारच्या शर्टाच्या खिशात घातली. मग जेवायला वाढते म्हणाली.

सदर स्थानक विद्यार्थी, रुग्ण, वृद्ध व फुटबॉलप्रेमी यांच्या सोयीसाठी उभारण्यात आले असून सामन्याच्या दिवशी त्याचा पूर्ण क्षमतेने वापर होतो. प्रस्तावक तिथून एकदाही गाडीत चढलेले नाहीत.