कोरड्या कालव्यातला बाप्तिस्मा

चमत्कारांवर माझा विश्वास नाही, असे मी म्हणू शकत नाही. मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे आणि शास्त्रात लिहिलेले सारे चमत्कार मला मान्य आहेत. मात्र ते औंढा तालुक्यात घडतात, हे मी कधीच मानले नाही... तरीही लिहितो आहे, कारण आमच्या जवळा बाजार गावात या प्रसंगाच्या तीन हकिकती फिरत आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. त्या रचणाऱ्यांपैकी कोणी माझ्याइतका त्या कालव्याला ओळखत नाही.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सिद्धेश्वर धरणाचे पाणी कोणत्या गेटने येते आणि कोठे मुरते, हे मला कोणी शिकवू नये.

माझी पत्नी रूथ हिचे हृदयाचे ऑपरेशन नांदेडला ठरले होते. त्याआधी तिला पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यायचा होता. आम्हा दोघांचाही बाप्तिस्मा जुन्या मिशनच्या रीतीने, लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला. नव्या पास्टरांच्या शिकवणीमुळे तिच्या मनात हे आले.

“शिंपडलेलं पाणी नव्हतं का?” मी विचारले. “विश्वास असला म्हणजे झालं. देव काय पाणी मोजत बसतो?”

“विश्वास तुमचा बराबर हाय,” ती म्हणाली. “पण त्यानं उतर म्हणलंय. मंग उतरावं की.”

“डॉक्टरला विचारलंस?”

“डॉक्टरला मी प्रभू म्हणत न्हाई.”

पास्टरांनी उपासनेनंतरची वेळ दिली, ठिकाण आमच्या शिवारातला कालवा. मागच्या साली त्या सुमारास त्यात पाणी होते म्हणून त्यांनी तसे ठरवले. यंदा रब्बीची दुसरी पाळी, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची खेप, लांबली आहे, हे त्या परगावच्या माणसाला कसे कळावे? शनिवारी मी स्वतः पाहून आलो. कालव्याच्या तळात शेळ्या फिरत होत्या. मी तसे फोनवर कळवले. पास्टर म्हणाले, “आईंना सांगा, पुढच्या पाळीला करू.” तोवर ऑपरेशन होऊन जाणार होते. रूथने फोन हातात घेतला.

“तुमी मला रविवारी ये म्हणले, मी येणार. पाणी आणायचं काम माझं न्हाई.”

मी सोबत गेलो तो, खरे सांगायचे तर, माझे म्हणणे सिद्ध व्हावे म्हणून. मंडळी गात गात पुलापलीकडच्या वळणावर पोहोचली आणि गाणे मध्येच थांबले. कालव्यात कमरेइतके पाणी होते... संथ, स्वच्छ, वाहते.

मागून एक बाई हळूच म्हणाली, “साहेब, तुमी तर शेळ्या फिरून राहिल्या म्हणले होते. पोहून गेल्या का काय?”

पास्टर अंगाने किरकोळ. रूथचा दुसरा दंड धरायला मलाच पँटसह उतरावे लागले. पाणी गुडघ्यांना ओढत होते, म्हणजे प्रवाह होता, डबके नव्हे. ती पाण्याखाली गेली, वर आली. प्रकाश नाही, आवाज नाही, दुसरे काहीच नाही.

आता हकिकती. आमचा मुलगा इंजिनियर आहे. त्याच्या मते कोणीतरी विहीर उपसली असणार. त्या दिवशी शेतीची लाइनच बंद होती, आणि विहीर उपसून कालवा वाहता करणारी मोटार अजून निघायची आहे.

दुसरी हकिकत अपमानकारक आहे — म्हणे मी जुन्या सहकाऱ्यांना सांगून गेट उचलवले. उभ्या नोकरीत मी पुढाऱ्यांच्या पाहुण्यांनाही पाळीबाहेर पाणी दिले नाही. शिवाय गेटचे पाणी आले असते तर वरचा सारा कालवा भिजला असता. मी ओल्या पँटनेच पुलाच्या वरच्या अंगाला चालत गेलो. तळ कोरडा होता, धूळ उडत होती. तेथूनच गेट सांभाळणाऱ्या पाटकरी किसनला फोन केला.

“गेट बंद हाय, साहेब,” तो म्हणाला. “तुमी रिटायर झाले, तव्हापासून पाणी तुमाला विचारून येऊन न्हाई राहिलं.”

दुपारपर्यंत त्या वळणावर नुसती ओल उरली.

तिसरी हकिकत पास्टरांची. ते गावोगाव साक्ष देतात की रूथबाईंच्या विश्वासाने कोरड्या कालव्याला पाणी आले. ही सर्वांत चुकीची, कारण तिचे उत्तर त्यांनी स्वतः ऐकले आहे. कालव्याच्या काठावर ते म्हणाले होते, “आई, तुमचा विश्वास मोठा.”

रूथ पदर पिळत होती. “न्हाई, पास्टर. पाणी असंल असं मला वाटलंच नव्हतं. बदलायला लुगडं बी आणलं न्हाई मी.”

“मग आलात कशाला?”

“ये म्हणलं होतं ना.”

त्या ऑपरेशनमधून ती परतली नाही. पाण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे डॉक्टरांनीच सांगितले. पास्टर साक्षीतून हा भाग गाळतात. मी गाळणार नाही, कारण त्याने रूथ खोटी ठरत नाही.

पाणी कोठून आले, ते मला आजही ठाऊक नाही. माहितगाराने अवश्य लिहावे, मी वाद घालीन. फक्त तिच्या विश्वासाने आले, असे कोणी लिहू नये. त्या सकाळी पक्का विश्वास एकट्या माझ्याजवळ होता, आणि तो पाणी नाही असा होता. ती नुसती गेली.