पहिली तनकीह

किशनराव पेशकारांशी कुणी वाद घालायला लागलं, की ते खिशातून पेन्सिल काढत, कागदावर एकचा आकडा घालत आणि म्हणत, “थांबा. आधी तनकीह ठरू द्या.” निजामाच्या राज्यात कोर्टाचं काम उर्दूत चाले. साक्षीपुरावे घेण्याआधी, नेमका कोणता मुद्दा ठरवायचा आहे ते लिहून काढत, त्याला तनकीह म्हणत. पोलिस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती, कोर्टात मराठी शिरू लागली होती, पण किशनरावांची तनकीह काही सुटली नव्हती. घरी आमटी खारट झाली तरी खारट म्हणजे किती, हे आधी ठरवावं लागे.

किशनराव कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे खटल्यांचे कागद ठेवणारे. मी त्याच कोर्टात नकला उतरवणारा कारकून, आणि छावणीत त्यांचा शेजारी. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर देवाचा खटला चाले. किशनराव पक्के नास्तिक. समोर हमीदभाई, कोर्टाच्या रजिस्टरांना पुठ्ठे बांधणारे, पाच वेळा नमाज पढणारे. मला दोघांनी मिळून हाकिम, म्हणजे न्यायाधीश, केलेलं. पहिली तनकीह, देव म्हणजे काय? ती तीन वर्षं पहिलीच राहिली. तो आहे की नाही, या दुसऱ्या मुद्द्यापर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही.

“जिने दुनिया बनाया, वो,” हमीदभाई म्हणत.

“मंग त्याला कुणी बनवलं? हरकत.”

“अच्छा, जो सबका भला करता, वो.”

“माझी दोन भाचरं पटकीनं गेली. हरकत.”

“जो बोलने में नैं आता, वो.”

“बोलण्यात येत नाय ते लिहून कसं घ्यावं?”

हमीदभाई चिडत नसत. ते हसून म्हणत, “पेशकारसाब, तुम जिस खुदा कू नको बोलते, उसकू मैं भी नको बोलता. मेरा वाला तो अब्बी बाकीच है.” यावर किशनराव पेन्सिल कानावर ठेवत. मी पुढली तारीख देई. मग आतून किशनरावांच्या पत्नी, सरूवहिनी, चहा पाठवत.

पुढे वहिनींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर फारसं काही बोलले नाहीत, त्यावरूनच काय ते समजलं. वहिनींचं मागणं एकच होतं. त्यांची माहेरची देवी कन्नडजवळ. लग्न झालं की जोडप्याने तिच्यापुढे जाऊन दोघांनी हात जोडायचे, अशी त्यांच्याकडची रीत. किशनरावांच्या हट्टापायी ते वीस वर्षं राहून गेलं होतं.

एका रविवारी त्या भिंतीला धरत दारात येऊन बसल्या. मला म्हणाल्या, “भावजी, तुमचा निकाल कधी लागंल? देव म्हंजे काय ते ठरल्याबिगर हे हात जोडणार नाय म्हणत्यात. माझ्याजवळ दिवस थोडे हायेत.”

“सरू, तिथं जाऊन नाटक करू का मी?” किशनराव म्हणाले. “तुझ्यासंगं खोटं कधी वागलो नाय.”

हे खरं होतं. तेवढं खरं वागणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

“भाभी कू लेके जाव, साब,” हमीदभाई म्हणाले. “बहस बाद में करींगे.”

किशनरावांनी माझ्याकडे पाहिलं. हाकिम मी होतो. मी ‘जा’ म्हटलं असतं तर ते गेले असते, असं मला आजही वाटतं. पण मला त्या वादाची चटक लागली होती. मी सवयीने बोलून गेलो, “पुढच्या रविवारी बघू.” त्या वाक्याची लाज अजून वाटते.

असे तीन रविवार गेले. चौथ्याला वहिनींना उठून बसवेना. मग एक दिवस किशनराव एकटेच सकाळच्या मोटारीने कन्नडला गेले आणि संध्याकाळी कुंकवाची पुडी घेऊन परतले. हमीदभाई आणि मी तिथेच होतो.

“हात जोडले?” वहिनींनी विचारलं.

एक ‘हो’ म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ते म्हणतही होतो.

“नाय,” किशनराव म्हणाले. “लई वेळ उभा राहिलो. पर तू संगं नव्हतीस. एकट्यानं कुणाला जोडू?”

“संगं येत होते, तव्हा तुमी निघाला नाय,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “दमले मी आता.” आणि त्या भिंतीकडे वळल्या. आठ दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतरही आम्ही रविवारी ओसरीवर बसत असू. एकदा हमीदभाई त्यांना बोलतं करायला म्हणाले, “साब, एक नया जवाब लाया.”

“ऱ्हाऊ द्या, हमीदभाई,” किशनराव म्हणाले. “माझ्या सगळ्या हरकती बरोबर होत्या. आजबी बरोबरच हायेत. पर ती कुठं देव शाबीत करा म्हणत होती? जोडीनं चला म्हणत होती. मी भलत्याच दाव्याची तनकीह काढून बसलो.” बोलताना ते फार थकलेले दिसले.

पुढे माझी बदली झाली आणि काही वर्षांनी ते गेल्याचं हमीदभाईंनी पत्राने कळवलं. देव म्हणजे काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही आणि आता तेवढी उमेदही राहिलेली नाही. बायको देवळात निघाली, की मी मुकाट्याने चपला घालतो. तिथे मी हात जोडतो की नाही, हे तिने कधी वळून पाहिलेलं नाही.