शेळीनं खाल्लेलं माप

कुणी टेप काढला की दाजी तोंड फिरवून थुंकायचे. "आकडे वाण्याला लागत्यात. लाकडाला कामटी बास हाय," म्हणायचे.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. सासुरवाडीतच सुतारकामाचं दुकान मांडून राहिले, म्हणून शिरूर कासारकडच्या आमच्या अख्ख्या गावाचेच दाजी. चौकटीत बांबूची कामटी धरायची, नेमकी तेवढी तोडायची आणि तिच्यावरून फळी कापायची. दार असं बसायचं की फटीत पोस्टकार्ड जाऊ नये. मग आठवडाभर बढाई ऐका. मी रंधा मारत मुकाट ऐकायचो, करता काय?

एका साली पलीकडच्या गल्लीतल्या चंद्रकलाबाईनं दार सांगितलं. घरदार ऊसतोडीला निघालेलं, वर्षाची ज्वारी मात्र घरातच राहणार होती. दाजींची कामटी उंचीला पुरेना, म्हणून त्यांनी तिथलंच कडब्याचं धांडं घेतलं आणि चौकटीएवढं तोडलं. दुकानाच्या भिंतीला ते टेकवून आम्ही चहाला गेलो. मागं आमच्याच घरच्या शेळीनं त्याचा शेंडा खाल्ला, हे मागाहून कळलं. धांडंच ते, कुणाच्या लक्षात येणार! दाजींनी तेवढंच दार कापलं.

दार बसवलं त्या सकाळी ट्रॅक्टर उभा होता, पोरं, भांडीकुंडी सगळं वर चढलेलं. बघतो तर खाली चार बोटं फट. सारी गल्ली बघत होती. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी दाजींनी खाली वेगळ्याच लाकडाची पट्टी ठोकली.

चंद्रकलाबाईनं कुलूप लावलं नि शांतपणे म्हणाली, "आसू द्या दाजी. ठिगळ आमाला नवं हाय का?"

त्या दिवसापासून दाजींनी त्या गल्लीनं जाणं सोडलं. बढाईही बंद झाली.

पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणी संपल्यावर, चंद्रकलाबाई गुळाची ढेप घेऊन दाजींच्या घरी आली. दाजी आतल्या खोलीत सटकले, मला हळूच म्हणाले, "न्हाईत म्हण." मी तसं सांगितलं. त्यांच्या चपला उंबऱ्याशीच पडल्या होत्या. तिनं चपलांकडं बघितलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाली, "दाजी आले की सांगा, दाणा न् दाणा जाग्यावर हाय. दार लई चांगलं हाय."

दाजी बाहेर आले ते डोळे पुसतच. "शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं बे."

पुढच्याच पावसाळ्यात ते वारले. आमच्या मसणवट्याची वाट त्याच गल्लीतून जाते. आम्हीच त्यांना खांद्यावरून तिच्या दारासमोरून नेलं. ती हात जोडून दारात उभी होती. मला काही वर बघवलं नाही.