तुटू दे की!

"तुटू दे की!" म्हणायचे आणि पुलाला कान लावायचे. पूल म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांचा, दोन टेबलांच्या मध्ये टेकवलेला, खाली बादली लटकवलेली. पोरं बादलीत मगाने वाळू ओतायची आणि आमचे सर हात मागे बांधून, डोळे मिटून, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसे काड्यांची कुरकुर ऐकत उभे राहायचे. पूल कडाडून मोडला, वाळू फरशीभर पसरली की त्यांचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका.

"आता कळलं कुठं कच्चा हाय ते! न तुटलेल्या पुलाबद्दल माणसाला कायबी म्हाईत नसतं."

नेरूळच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते सिव्हिल शिकवायचे आणि मी गणित. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी नवी मुंबईत काढली, पण बोलणं तसूभर हललं नाही. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. कायम "गणितबाई".

तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा, ज्याला धडधाकट वस्तू बघवतच नाही. स्टाफरूममध्ये नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तर हे एकीवर बसून मागे रेलत गेले, रेलत गेले, आणि धाडकन खाली! आम्ही उचलायला धावलो. हे जमिनीवरूनच म्हणतात, "गणितबाई, बरं झालं. तुमी बसायच्या आधी कळलं."

एकदा त्यांच्याबरोबर वाशीच्या मार्केटात कलिंगडं आणायला गेले. ती चूक मी पुन्हा केली नाही. एकेका कलिंगडावर टकटक करून हे कान लावतायत, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. शेवटी विक्रेता वैतागला. "साहेब, घ्यायचंय का पेशंट तपासायचाय?"

"आतनं काय बोलतंय ते बघतोय," सर गंभीरपणे म्हणाले. एवढं करून आणलेलं कलिंगड आतून पांढरंफटक निघालं. तेही त्यांनी मिटक्या मारत खाल्लं. कापल्यावर कळलं ना, बस्स!

आम्ही हसायचो खरं, पण त्यांच्या जिवाला एक घोर लागलेला होता. जो तो पोराला कॉम्प्युटरला घालायचा. सिव्हिलचे वर्ग ओस पडत चालले. मॅनेजमेंटने स्पष्टच सांगितलं, यंदा जागा भरल्या नाहीत तर सिव्हिल बंद. झालं, सर ॲडमिशनच्या दिवसांत खिडकीपाशीच ठाण मांडून बसायला लागले. कॉम्प्युटरच्या रांगेतल्या बापाला बाजूला घ्यायचे.

"काका, पोरगं उद्या ऐरोलीच्या आयटी पार्कात बसंल, झ्याक. पर ते पार्क उभं कुनी केलं?"

"झालंय ना सर उभं," काका म्हणायचे आणि परत रांगेत.

मग सरांनी शक्कल लढवली. पुलांची स्पर्धा ॲडमिशनच्या दिवशीच, खाली प्रवेशद्वारात, पालकांसमोर घ्यायची! आता सांगा, पालक बघतायत आणि हे मोठ्या अभिमानाने एकेक पूल मोडतायत. धाड! धाड! एका आईने तर पोराचा हात धरून ओढलंच. "चल रे, इथले पूलसुद्धा टिकत नाहीत!"

प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. "अहो सर, थोडी कमी वाळू घाला ना!"

"मग तो तमाशा झाला साहेब. टेस्ट न्हाई."

शेवटचा पूल सानिकाचा. ही सारसोळ्याची, कोळ्यांची पोर. कॉम्प्युटर हुकलं म्हणून पहिलं वर्षभर रडलेली, आणि आता कुणी सिव्हिलला नाव ठेवलं की अंगावर जाणारी. बादली काठोकाठ भरली. पूल ढिम्म! सरांनी कान लावला. कुरकुरही नाही. मग बादली उतरवून त्यांनी पूल हातात तोलला आणि मिश्कील हसले.

"काय गं, ह्यो पूल हाय का पोळपाट? गोंदात बुडवून काढलाय जनू!"

सानिकाने मान खाली घातली. "सर, आज नाय तोडायचा. आज तुटला तर आपली ब्रँच जाईल."

पालक टाळ्या वाजवत होते, त्यांना यातलं काय कळतंय! बाजूला वाळूची दुसरी बादली तयार होती. सरांनी ती उचलली. मी मनात म्हटलं, झालं, आता हे ऐकायचे नाहीत. ते सानिकाकडे बघत राहिले आणि बादली हळूच खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

वर स्टाफरूममध्ये आले तेव्हा डोळे पाणावलेले. "गणितबाई, आज मी नापास झालो."

"पूल तर पास झाला ना सर!"

"कुनाला ठावं? तोडून कुठं बघितला?"

टाळ्या वाजवणारे पालक शेवटी कॉम्प्युटरच्याच रांगेत गेले. सिव्हिल बंद झालं. सानिकाची बॅच बाहेर पडली आणि तिच्यापाठोपाठ सर रिटायर होऊन गावी गेले. त्यांच्या लॅबमध्ये आता कॉम्प्युटर आहेत. जाताना तो पूल माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला त्यांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू?

दुपारी आम्ही सगळे त्या पुलावर डबे मांडतो. परवा एका मॅडमनी पाण्याचा भरलेला जार उचलून त्यावर ठेवायला घेतला. "अहो, तुटेल ना!" मी ओरडलेच.

मॅडम जार हातात धरून तशाच थांबल्या आणि सगळ्यांनी माझ्या शेजारच्या, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. पण तिथून कुणी "तुटू दे की!" म्हणालं नाही.