मध्यंतरात उभ्या राहिलेल्या काकू

चेन्नईत अड्यारला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू तंजावरच्या मराठी. समोरचा काहीही बोलो, त्या "सरी, सरी", म्हणजे "बरं, बरं", म्हणून मान डोलावतात. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तरी परत करत नाहीत.

परवा आम्ही दोघी एका कौटुंबिक सिनेमाला गेलो. घरातलाच काका लहान मुलीशी नको ते वागतो, हे मध्यंतराआधी उघड झालं. दिवे लागताच पुढच्या रांगेतला एक माणूस सात-आठ वर्षांच्या लेकीला घेऊन उठला.

"चांगल्या घरांत असलं काही होत नाही!" तो ओरडला. बऱ्याच जणांना ते पटलेलं दिसलं.

काकू उभ्या राहिल्या. "आमचं घर चांगलंच होतं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "आठ वर्षांची असताना माझ्याबाबतीत हेच घडलं. आईला सांगितलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला."

तो माणूस खाली बसला. इतका ठाम आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सिनेमा संपल्यावर तो लेकीचा हात धरून आमच्याकडे आला.

"अम्मा, हिला मी काय सांगू?"

"ती सांगेल ते ऐका," काकू म्हणाल्या, "आणि खरं माना."