छातीवरचे चार निळे ठिपके

माझ्यावर देवीची कृपा झाली असं मी ठामपणे सांगू शकत नाही. काय घडलं आणि कोणत्या क्रमाने घडलं, तेवढं सांगते. मी न्हावा शेव्याला एका कस्टम्स एजंटकडे कागद तपासायचं काम करते. कंटेनरमध्ये चारशे बारा खोकी असतील तर कागदावरही चारशे बाराच हवीत, हे पाहणं ही माझी नोकरी. आणि मी सव्वीस वर्षं एका प्रश्नाचं खोटं उत्तर लिहीत आले. कोणत्याही दवाखान्याच्या फॉर्मवर 'पूर्वी काही गंभीर आजार?' असं विचारलेलं असे, आणि मी लिहीत असे, 'नाही'.

सतराव्या वर्षी मला छातीतल्या गाठींचा कॅन्सर झाला होता. आधी औषधं झाली, मग छातीला किरणांचे वीस शेक दिले. रोज यंत्र नेमक्या त्याच जागी लागावं म्हणून सुईने कातडीत चार निळे ठिपके गोंदले होते. एक गळ्याच्या खळगीत, दोन काखांच्या खाली, एक छातीच्या खाली मधोमध. मी बरी झाले आणि आईने साताऱ्याकडच्या आमच्या कुलदेवीचा नवस फेडला. पोर वाचली तर या आजाराचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढणार नाही, असा तो नवस होता. रुग्णालयाची फाईल तिने स्वतः नदीत सोडली. नाव घेतलं की त्याला परत यायची वाट सापडते, असं तिचं म्हणणं. माझ्या लग्नातही कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला ते ठिपके तीळ वाटत. देवीपुढे मी रोज हात जोडत असे, पण त्यात भक्ती किती आणि धाक किती, हे मी कधी तपासलं नाही.

गेल्या वर्षी चैत्रातल्या एका मंगळवारी अर्धी रजा टाकून मी ओटी भरायला निघाले. खारघरच्या उंच इमारतींच्या मागे जुनं गावठाण आहे, तिथल्या गावदेवीच्या देवळात मी अधूनमधून जाते. पायऱ्यांवरून नवऱ्याला फोन केला, येताना दूध आणा म्हणून. फोनमध्ये ती वेळ अजून आहे. दोन वाजून आठ मिनिटं. बाहेर ऊन रणरणत होतं, पण आत पाऊल टाकलं आणि तळव्यांना फरशी बर्फासारखी लागली. पंखा बंद होता, माणूस कुणी नव्हतं, तरी घंटा किंचित हलत होती. मी ओटी ठेवली. मान वर केली तेव्हा गाभाऱ्याच्या दाराशी एक म्हातारी बसलेली होती. हिरवं लुगडं, काष्टा घातलेला, आगरी बायका नेसतात तसं. मी आत आले तेव्हा ती तिथे नव्हती, एवढं मला नक्की माहीत आहे.

तिने मला हाताने जवळ बोलावलं. करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं. मी कपाळ पुढे केलं, पण तिचं बोट कपाळाकडे गेलंच नाही. मंगळसूत्र बाजूला सारून तिने ते बरोबर गळ्याच्या ठिपक्यावर टेकवलं. बोट गार होतं.

"आजून तीन हान ना गो बाय?" ती म्हणाली. मग हात न लावता तिने हवेतच जागा दाखवल्या. एक काख, दुसरी काख, खाली मधोमध. ते तिन्ही ठिपके माझ्या ब्लाऊजखाली झाकलेले होते. "वीस वेला शेकलं तुला. नंतर कोनी बगितलं का आत?"

"कशाला बघायचं?" माझ्या तोंडून निघालं. "मी बरी आहे."

ती हसली. "तुला कोनी इचारलंय, बरी हायस का म्हनून? बगितलं का, त्ये इचारते. माज्या नावानं गप ऱ्हायलीस. मी कदी सांगितलं गप ऱ्हा म्हनून?"

मी मागे वळून न बघता बाहेर आले.

तीन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. अंघोळीला गेले की खळगीवरून हात फिरवायची. कुंकू केव्हाच धुतलं गेलं होतं, गारवा मात्र तिथेच होता. शुक्रवारी पुन्हा देवळात गेले. देवळाची व्यवस्था बघणारी बाई झाडत होती. त्या म्हातारीचं वर्णन ऐकून ती म्हणाली, "मंगळवारी दुपारी? एक ते चार कुलूप असतं ताई. किल्ली माझ्या कमरेला. उन्हानं भोवळ आली असंल तुमाला, सरबत घ्या जरा." मी सरबत घेतलं. वाद घातला नाही. माझी मंगळवारची ओटी मात्र गाभाऱ्यात देवीसमोर तशीच होती, त्या दुपारी कुलूप असलेल्या दाराच्या आत. नारळाची शेंडी मीच लाल दोऱ्याने बांधली होती.

घरी येऊन आईला फोन केला. सगळं सांगितलं, त्या आजाराच्या नावासकट. ती म्हणाली, "नाव काढलंसच शेवटी." आणि मग रडवेल्या आवाजात, "जा, दाखवून ये. नवसाचं देवीच बघंल."

नवऱ्याला सांगणं त्याहून अवघड गेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "एकोणीस वर्षं मी त्याला तीळ समजतोय," तो म्हणाला. "आणि तू मला समजू दिलंस." दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ त्यानेच घेतली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. शेक किती, कोणत्या वर्षी, हे मी तोंडपाठ सांगितलं तसा त्यांनी पेन खाली ठेवला. लहान वयात छातीला शेक घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो, म्हणून त्यांची तपासणी पंचविशीपासूनच दरवर्षी करायची असते, मॅमोग्राफीही आणि एमआरआयही, असं त्यांनी समजावलं. मी मनात वजाबाकी केली. अठरा वर्षं.

मॅमोग्राफीत काही दिसलं नाही. मी सुटले असं वाटलं. पण त्यांनी एमआरआयचा आग्रह धरला. त्या यंत्रात पालथं झोपवतात. आत ठोकल्यासारखे आवाज येत होते, तेव्हा मी सवयीने आकडे मोजू लागले. दोनशेच्या पुढे गेले असेन. अचानक गळ्याच्या खळगीत तेच गार बोट टेकलं आणि उचललं गेलं नाही. मी किंचाळले नाही, कारण हलायचं नव्हतं. आवाज थांबले तेव्हा तेही गेलं. डाव्या बाजूला नऊ मिलिमीटरची गाठ निघाली. तपासली, कॅन्सरच होता. अगदी सुरुवातीचा. त्या जागेला पूर्वी शेक दिलेले, आता पुन्हा देणं बरं नव्हतं, म्हणून तो स्तन पूर्ण काढावा लागला.

ऑपरेशननंतर आई गावाहून आली आणि दीड महिना राहिली. एकदा लिफ्टमध्ये सोसायटीतल्या एका बाईंनी मला विचारलं, "काय हो, बरं नाही का? वाळलात फार." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "कॅन्सर झालाय तिला. दुसऱ्यांदा. तुमीबी दाखवून घ्या." त्या बाई चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरल्या. आम्ही दोघी घरी येईपर्यंत हसत होतो, आणि टाके दुखत होते म्हणून मी रडतही होते.

ती कोण होती, मला माहीत नाही. कळावं असंही आता वाटत नाही. तिने माझं दुखणं काढून घेतलं नाही, मला त्याच्याकडे नीट बघायला लावलं, एवढंच मी म्हणेन, आणि त्याबद्दलचं ऋण आयुष्यभर मानेन. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून गप्प राहणं, असं मी समजत होते. दुसऱ्या बाजूची तपासणी आता दरवर्षी असते. तारीख जवळ आली की भीती वाटते, अजूनही. ती भीती मी तिच्या पायाशी ठेवते आणि दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचते.